डबी हाताला लागू दे

ऑक्युपेशनल थेरपिस्टचं निम्मं काम हालचाल परत मिळवून देण्याचं असतं. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त कठीण, ती हालचाल कशासाठी करायची याचं कारण शोधण्याचं. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला मी रोज सांगू शकते की हात वर न्या, मान डावीकडे वळवा, उभं राहा, पुन्हा बसा. काही दिवस तो मन लावून करतो. मग कंटाळतो, कारण भिंतीवरच्या खुणेला हात लावून त्याचं काहीच भलं झालेलं नसतं. त्याच माणसाला फळीवरचा आपला आवडता कप हवा असला, तर हात न सांगता वर जातो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शिकताना ही गोष्ट आमच्या मनावर पहिल्या वर्षापासून बिंबवली गेली. तिथला हा अभ्यासक्रम १९५० साली कमलाबाई निंबकरांनी सुरू केला. त्या जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या. मी उलट्या दिशेनं आले आणि सिअ‍ॅटलजवळच्या एका पुनर्वसन केंद्रात कामाला लागले. हालचालीला कारण देणारा एक खेळ मला इथे भेटला. त्याचं नाव जिओकॅशिंग.

खेळ थोडक्यात असा. कुणीतरी एक डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीचे लोक मोबाइलमधल्या जीपीएसच्या आधारानं ती शोधायला निघतात. सापडली की आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची, घरी येऊन नोंद करायची. या डबीला खेळाडू कॅश म्हणतात. खेळ जन्मला तो आमच्या शेजारच्या ऑरेगन राज्यात. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्या महिन्याच्या सुरुवातीला ते बंद झालं आणि शंभर मीटरच्या घरातली चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. लगेचच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. आत पुस्तकं होती, थोडे पैसे होते, गलोल होती आणि बीन्सचा एक डबाही होता. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डब्या लपवलेल्या आहेत आणि या खेळाचं मुख्य संकेतस्थळ चालवणारी कंपनी सिअ‍ॅटलमध्येच आहे.

मला या खेळाकडे ओढलं ते त्यातल्या एका साध्या व्यवस्थेनं. प्रत्येक डबीला दोन श्रेणी असतात, एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनं. पहिली श्रेणी डबी शोधायला किंवा उघडायला किती डोकं चालवावं लागेल याची. तिला डिफिकल्टी म्हणतात. दुसरी टेरेनची, म्हणजे तिथवर जायला शरीराला किती कष्ट पडतील याची. टेरेन पाच असेल तर दोर, होडी किंवा तसलंच काही साधन लागणार. टेरेन एक असेल तर व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथे जाता आलं पाहिजे, असा या खेळातला नियम आहे. डोक्याचे कष्ट आणि अंगाचे कष्ट यांचा हिशोब या खेळानं वेगळा ठेवला आहे. एखादी डबी बुद्धीला पाचच्या श्रेणीची आणि शरीराला एकच्या श्रेणीची असू शकते. अपंग माणसासाठी काही करायचं म्हटलं की ते बाळबोध करून टाकायचं, ही सवय मी रुग्णालयांत, शाळांत, घरांघरांत पाहत आले आहे. इथे निदान नियमाच्या पातळीवर तरी कुणीतरी आधीच वेगळा विचार करून ठेवला होता.

आमच्या केंद्रातून घरी गेलेल्या काही लोकांचा एक गट शनिवारी जमू लागला. सुरुवात बर्क-गिलमन वाटेवरून केली. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली ही वाट १९७८ मध्ये खुली झाली. गॅस वर्क्स पार्कवरून, विद्यापीठाच्या पायथ्याशी, लेक वॉशिंग्टनच्या काठाकाठानं ती बॉथेलपर्यंत जाते आणि तिथून पुढे समामिश नदीच्या काठची वाट रेडमंडला पोचवते. आगगाडीला उभा चढ चालत नाही, म्हणून या वाटेवर कुठेही अंगावर येणारा चढ नाही. व्हीलचेअरला याहून चांगली वाट शोधून सापडणार नाही, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं नेमकी तिथे अडतात. वाट आडवी एका बाजूला कलती असली तर चालणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण खुर्ची सतत उताराकडे ओढ घेते आणि ती सरळ ठेवायला एकाच हातानं जास्त जोर लावावा लागतो. अर्ध्या तासात तो खांदा भरून येतो. शिवाय मागून सायकली येत असतात. म्हणून डबी नुसती वाटेलगत असून भागत नाही. तिथे वाटेबाहेर खुर्ची थांबवायला पक्की जागा लागते.

तरीही वाटेचा प्रश्न मला लवकर सुटणारा वाटला, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांना दिसतो. खरी अडचण शेवटच्या हातभर अंतरात निघाली. आमच्या गटात एक निवृत्त सुतार होते. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती. त्यांची खुर्ची मुद्दाम थोडी बुटकी घेतलेली. डावा हात चाकावर आणि डावा पाय जमिनीवर टेकवून ते ती सफाईनं चालवत. टेरेन एकच्या एका डबीपाशी आम्ही पोचलो. वाट गुळगुळीत, जागा सपाट. डबी त्यांनीच ओळखली. बाकाच्या लोखंडी पट्टीला आतून चिकटलेली, करंगळीच्या पेराएवढी चुंबकाची नळी. बाकाखाली हात घालायला ते वाकले, तर खुर्चीचा पाय ठेवायचा भाग बाकाला आडवा आला. खुर्ची बाजूनं लावली, तेव्हा हात पोचला. नळी हातात आली आणि तिच्या झाकणाला आटे. एका हातानं नळी धरायची आणि दुसऱ्यानं झाकण फिरवायचं. दुसरा हात नव्हता. दातात धरून त्यांनी ते उघडलं, तर आत कागदाची बोटभर रुंदही नसलेली पट्टी, घट्ट गुंडाळलेली. ती उलगडून, सपाट धरून, सही करून पुन्हा नळीत सारायची म्हणजे सुईत दोरा ओवण्याइतकं बारीक काम, आणि तेही एका हाताचं. हातातोंडाशी आलेला घास गेला. सही त्यांच्या मुलीनं केली. ते काही बोलले नाहीत, पण परतीच्या वाटेवर पुढची डबी शोधायलाही ते थांबले नाहीत.

ती डबी लपवणाऱ्याला दोष द्यावा असं काही तिथे नव्हतं. त्यानं खुर्ची डोळ्यासमोर आणली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात मात्र त्याच्या मनात आला नव्हता. आमच्या विद्येत कुठलीही कृती तिच्या छोट्या छोट्या भागांत सोडवून पाहायची पद्धत आहे. दात घासणं असो की भाकरी थापणं, प्रत्येक भागाला कुठला सांधा, किती जोर, किती लक्ष लागतं ते लिहायचं. मी या खेळाचंही तेच केलं. जायचं, शोधायचं, हात पोचवायचा, उघडायचं, लिहायचं, परत ठेवायचं. टेरेनची श्रेणी ठरवताना बहुतेक लोक यातल्या पहिल्या भागाशी थांबतात. माझ्या लोकांचे हाल होत होते ते तिसऱ्यापासून पुढे.

मोजमापं शोधायला मला दूर जावं लागलं नाही. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० चा आणि त्याच्याखालच्या बांधकामाच्या नियमांत दरवाज्याच्या मुठीपासून विजेच्या बटणापर्यंत सगळ्याचे आकडे दिलेले आहेत. समोर अडथळा नसेल तर बसलेल्या माणसाचा हात जमिनीपासून १५ ते ४८ इंचांच्या दरम्यान पोचतो असं धरायचं. खुर्ची उभी करायला ३० इंच बाय ४८ इंच सपाट जागा ठेवायची. खुर्ची वळवायला ६० इंचांचं वर्तुळ. १२ इंचांना १ इंचापेक्षा जास्त चढ नको. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा नियम म्हणजे, जी वस्तू हातानं चालवायची ती एका हातानं चालली पाहिजे, तिला घट्ट पकडणं, चिमटीत धरणं किंवा मनगट पिळणं लागता कामा नये, आणि जोर ५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोपेक्षा जास्त नको. हे नियम इमारतींसाठी आहेत. हौसेनं लपवलेल्या डबीला ते कुणी लावत नाही. पण मी तो शेवटचा नियम वाचला आणि आट्यांची नळी, घट्ट बसणारी फिल्मची डबी, लष्करी दारूगोळ्याच्या पेटीची कडक कडी अशा या खेळातल्या सगळ्या लाडक्या डब्या त्यात एकामागोमाग नापास होताना दिसल्या.

गटातल्या प्रत्येकानं या यादीत आपापली भर घातली. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेली एक तरुणी चालू शकते, पण तिची ताकद ठरावीक असते आणि उन्हात ती झरझर ओसरते. तिला डबी किती अंतरावर आहे यापेक्षा वाटेत पहिला बाक कुठे आहे हे आधी कळायला हवं. दृष्टी गेलेले एक संगीतशिक्षक मोबाइलच्या बोलत्या सूचनांवर डबीच्या जवळपास अचूक येतात. पण उंच सीडरच्या झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे सांगतो. डोळस माणूस तेवढ्यात नजर फिरवतो. त्यांना मात्र ते सगळं वर्तुळ हातांनी चाचपावं लागतं आणि इथल्या ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांत ते कुणी करू नये. त्यांच्यासाठी सूचनेतलं एकच वाक्य सगळं बदलून टाकतं. ‘वाटेच्या उजव्या कडेचा कठडा धरून या, तिसऱ्या खांबाच्या मागे, कमरेच्या उंचीवर.’ खुर्चीवरच्या माणसालाही हेच वाक्य उपयोगी पडतं, कारण वाट सोडून दहा मीटर आत जाऊन बघून येणं त्याला परवडत नाही.

आणखी एका गृहस्थांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे खेळानंच उपचाराचं काम केलं. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला की काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्यांच्या हिशोबात नसतं. ताटातलं डाव्या अर्ध्यातलं अन्न तसंच राहतं. यासाठी आम्ही कागदावर ओळीनं अक्षरं देतो आणि ठरावीक अक्षर खोडायला सांगतो. दर ओळीला नजर डाव्या कडेपर्यंत नेऊन मग उजवीकडे यायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि कागद संपला की सवयही संपते. बागेत मात्र डबी सापडत नाही म्हटल्यावर ते गृहस्थ स्वतःहून थांबले, मान पूर्ण डावीकडे नेली आणि तिथून सावकाश नजर फिरवत आले. दुसऱ्या फेरीत डावीकडच्या खांबाच्या तळाशी त्यांना डबी दिसली. मला त्या दिवशी एकदाही ‘डावीकडे बघा’ म्हणावं लागलं नाही.

मग आम्ही स्वतःची डबी लपवायचं ठरवलं. मी सुचवत होते ते सगळं सोपं होतं: मोठी डबी, समोर दिसणारी, सहज उघडणारी. सुतारकाकांनी मान हलवली. पक्षाघातानंतर त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो. आम्ही थांबलो. ‘अवघड... असू दे,’ ते म्हणाले. ‘खूप अवघड. पण डबी... हाताला लागू दे.’ या एका वाक्यावर आमचा सगळा आराखडा उभा राहिला.

त्यांनी एक लाकडी पेटी करायला घेतली. केंद्रातल्या बाकावर शिकंजा होता. त्यात लाकूड आवळायचं, कापायचं काम मुलीनं करायचं, आणि घासायचं, जुळवायचं काम त्यांच्या डाव्या हातानं. पेटीला पुढून चार रुंद लाकडी खिट्ट्या, मुठीनं किंवा मनगटाच्या कडेनंही सरकतील अशा. चारी खिट्ट्या वेगवेगळ्या लाकडाच्या: सीडर, आल्डर, डग्लस फर आणि मेपल. चारही झाडं याच मुलखातली. त्या योग्य क्रमानं सरकवल्या तरच झाकण सुटतं आणि क्रमाचं कोडं लाकडाच्या स्वभावात दडवलेलं. रंग दिसू नये म्हणून सगळ्या खिट्ट्यांना एकच गडद रंग दिला, पण प्रत्येकीचं टोक उघडं ठेवलं. सीडर हलका आणि त्याचा वास लपत नाही. फरच्या रेषा बोटाला लागतात. मेपलवर नख उमटत नाही. आल्डर या सगळ्यांच्या अधेमधे. ज्याला डोळ्यांनी बघायचं त्यानं डोळ्यांनी बघावं, ज्याला बोटांनी आणि नाकानं बघायचं त्यानं तसं. इथे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पाऊस असतो आणि लाकूड फुगतं. फुगलेली खिट्टी ओढायला जोर लागेल, हे सुतारकाकांनी आधीच ओळखलं होतं. प्रत्येक खाचेत त्यांनी एका पत्त्याच्या जाडीइतकी जास्तीची फट ठेवली आणि खिट्ट्यांच्या कडांना मेण चोळलं. मी ओढीचा जोर मोजायला वजनकाटा लावला. तो एका किलोच्याही खाली राहिला.

जागा मिळाली एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या बागेत. लेखी परवानगी घेतली, कारण दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय काही लपवायचं नाही हा या खेळाचा पाया आहे. फरसबंद वाट, शेजारी बाक, आत स्वच्छतागृह, दारात गाडी लावायची सोय. कुंपणाच्या खांबांना पेटी अशी बसवली की खाली गुडघे सरकायला २७ इंच मोकळे राहतील आणि सगळ्यांत वरची खिट्टीही ४८ इंचांच्या आत येईल. आत गुंडाळीऐवजी सपाट उघडी राहणारी वही, मोठ्या ओळींची, पाठीला पक्का पुठ्ठा. पेटीच्या तळाला न घसरणाऱ्या रबराचा तुकडा, म्हणजे वही एका हातानं लिहितानाही हलत नाही. आणि सुतारांची ती जाड चपटी पेन्सिल, जी बोटं वळली नाहीत तरी मुठीत बसते. नव्या डब्या तपासून प्रसिद्ध करणारे स्वयंसेवक असतात. त्यांनी एक-दोन प्रश्न विचारून मंजुरी दिली. श्रेणी लागली डिफिकल्टी चार, टेरेन एक.

संगीतशिक्षक पहिल्यांदा तिथे आले तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांनी चारही टोकांवर अंगठा फिरवला, खाली वाकून वास घेतला, पुन्हा अंगठा फिरवला. दोनदा क्रम चुकला, खिट्ट्या मूळ जागी ढकलाव्या लागल्या. तिसऱ्यांदा झाकण सुटलं आणि त्यांनी मोठ्यानं टाळी वाजवली. त्याच दुपारी तीन धडधाकट तरुण डोंगरावरच्या डब्या करून परतताना आले आणि त्या पेटीपुढे बराच वेळ अडकून राहिले. सुतारकाका बाकाशेजारी खुर्ची लावून बघत होते. त्यांनी हूं का चूं केलं नाही. शेवटी एकानं विचारलं, ‘हे तुम्ही केलंय?’ काकांनी डावा हात वर केला. तरुणांनी वहीत अर्धं पान लिहिलं. दर आठवड्याला काका ती वही वाचायला जातात. वाचन हाही त्यांच्या उपचाराचा भाग आहे, आणि या वहीसाठी त्यांना कुणी आग्रह करावा लागत नाही.

जिओकॅशिंगच्या एका मेळाव्यात एका जुन्या खेळाडूनं मला सरळ विचारलं, की मग आता डोंगरमाथ्यावर डब्या ठेवायच्याच नाहीत का? प्रश्न रास्त होता आणि माझं उत्तर स्वच्छ आहे. ठेवा. कड्यावर ठेवा, बेटावर ठेवा, जिथे जायला दोन दिवस लागतात तिथेही ठेवा. माझ्या गटातल्या एकाही माणसानं सगळ्या डब्या आपल्यासाठी असाव्यात असं म्हटलेलं नाही. ते फक्त खरी माहिती मागतात. टेरेन एक लिहिलं असेल तर ते एकच असावं, आणि ते लिहिताना खुर्चीबरोबर हाताचाही विचार झालेला असावा. खुर्ची जाईल याची खात्री नसेल तर दीड लिहा. चुकीच्या एकापेक्षा प्रामाणिक दीड बरा, कारण त्याच्या भरवशावर कुणी तासाभराची तयारी करून, मदतनीस ठरवून, गाडीत खुर्ची चढवून घरून निघत नाही.

खेळाच्या इतर प्रकारांतही पुष्कळ वाव आहे. अर्थकॅशमध्ये डबीच नसते. भूगर्भाची एखादी खूण पाहायची आणि निरीक्षणावर आधारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेबरोबर हा प्रकार २००४ मध्ये सुरू झाला. सिअ‍ॅटलच्या वेजवुड वस्तीत हिमनदीनं आणून टाकलेला घराएवढा खडक चक्क रस्त्याच्या कडेला आहे. त्याच्यावर चढायला मनाई आहे, त्यामुळे तिथे सगळेच जमिनीवरून बघतात. अशा जागा मी नोंदवहीत टिपून ठेवते. पण डबी उघडून सही करण्यात जे समाधान आहे ते माझ्या लोकांना सोडवत नाही, म्हणून ‘तुमच्यासाठी बिनडबीचा प्रकार आहे ना’ एवढ्यावर मी विषय मिटू देत नाही.

एका उन्हाळ्यात पुण्याहून आई आली. एके काळी रोज पर्वती चढून उतरणारी माझी आई आता दोन्ही गुडघे बदलून घेतलेली. पहिल्या दिवशी झुडपाखालची डबी दाखवली तर म्हणाली, ‘अगं, एवढं वाकायचं असेल तर मी नाही बाई. तू ये जाऊन, मी बसते इथे बाकावर.’ तिचं हे वाक्य मी लहानपणापासून ओळखीच्या सगळ्या बायकांच्या तोंडून ऐकत आले आहे. देवळाच्या पायऱ्यांपाशी, नदीच्या घाटावर, किल्ल्याच्या पायथ्याशी. त्यांना यायचं नसतं असं आपण समजून घेतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी मी तिला ग्रंथालयाच्या बागेत नेलं. तिनं चष्मा वर केला, एकेका खिट्टीला नाक लावलं आणि म्हणाली, ‘हिला बघ, लहानपणी पेन्सिलीला टोक काढताना यायचा तसा वास येतोय.’ पुढचा पाऊण तास तिनं मला पेटीला हात लावू दिला नाही. स्वतःला अपंग न म्हणणारे, आणि ज्यांना तसं कुणी म्हणतही नाही, असे कितीतरी लोक हळूहळू बाकावर बसायला लागतात. ४८ इंचांची मर्यादा आणि जाड पेन्सिल त्यांनाही उठवते. बाबागाडी ढकलणारी आई, मनगट प्लॅस्टरमध्ये असलेला मुलगा, संधिवातानं बोटं आखडलेले आजोबा, सगळ्यांना ती पेटी उघडता येते.

आम्हा मदतनिसांना गटानं एक नियम घालून दिला आहे. डबी दिसली तरी सांगायचं नाही, आणि विचारल्याशिवाय हातात काढून द्यायची नाही. हे पाळणं मलाही जड जातं, कारण धडपडणाऱ्या माणसाकडे बघत उभं राहणं शिकलेल्या हातांना सोसत नाही. पण शोधण्याचा आनंद हा या खेळाचा सगळा ऐवज आहे, आणि घाईनं मदत करणारा माणूस नेमका तोच उचलून घेतो. मदत हवी असेल तर ती कुठल्या भागाला हवी हे खेळणारा सांगतो. ‘फक्त झाकण धर.’ ‘फक्त खुर्चीचा ब्रेक बघ.’ तेवढंच करायचं.

आता कुणी नवी डबी लपवायला निघालं की मी त्याला तीन गोष्टी करून बघायला सांगते. जागेवर खुर्ची घेऊन जा आणि तिच्यात बसून, न उठता, डबी ठेव आणि परत काढ. एक हात पाठीमागे धर, दुसऱ्यात लोकरीचा मोजा चढव आणि मग ती उघड. आणि डबीच्या पानावर वाटेचा पृष्ठभाग, गाडी लावायची जागा, पहिला बाक, स्वच्छतागृह, डबीची जमिनीपासूनची उंची आणि ती उघडायची रीत लिही. कोडं मात्र जितकं अवघड जमेल तितकं कर. एवढं केल्यावरही एखाद्याला ती डबी जमणार नाही, पण ते त्याला घरबसल्या कळेल आणि त्या शनिवारी तो दुसरी डबी निवडेल. कुठे जायचं आणि कुठे नाही हे आपलं आपण ठरवता येणं, आमच्या केंद्रातले सगळे व्यायाम शेवटी त्यासाठीच तर असतात.